कारागिराचा नकार



आपल्या या भागात बैलबंडी आता क्वचितच दृष्टीस पडते. रस्ते डांबरी झाले, ट्रॅक्टर आले, आणि उरल्यासुरल्या बंड्यांनाही रबरी चाके लागली. तरी गावच्या सुताराकडून लाकडी चाकांची बंडी करवून घेतलेली वडीलधारी मंडळी या सभेत निश्चित असतील. बंडी करावयास सांगताना गिऱ्हाइकाला पुष्कळ गोष्टी मागता येत असत. लाकूड कोणते घालावे, लांबी किती ठेवावी, कठड्यावर नक्षी असावी की नसावी, या सर्व बाबतींत सुतार ऐकून घेई. मात्र “दोन चाकांमधले अंतर थोडे वाढव” असे कोणी म्हटले की तो मान हलवीत असे. पावसाळ्यात चिखलातून गेलेल्या चाकांनी वाटेवर दोन खोल चऱ्या पडलेल्या असत आणि उन्हाळ्यात त्या दगडासारख्या कठीण होत. ज्या बंडीची चाके त्या चऱ्यांत बसत नाहीत ती एका अंगावर कलते, बैलांना ओढ जास्त पडते आणि शेवटी आस मोडतो. या चऱ्यांनाच आपण चाकोरी म्हणतो.

आज आम्ही बोलणार आहोत ते बंडीविषयी नव्हे, वाद्यांविषयी. परंतु प्रश्न तोच आहे. जो कारागीर एकेक वाद्य हाताने, गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे घडवितो, त्याने खरे म्हणजे मागाल ते द्यावयास हवे. कारखान्यातून शेकड्यांनी निघणारा माल सोडून आपण त्याच्याकडे जातो ते त्यासाठीच. तरीही जगभर असा अनुभव येतो की, नामांकित कारागीर जितका मोठा, तितकी त्याची ‘हे होईल, हे होणार नाही’ ही यादी ठाम. परदेशातील गिटार करणारे कारागीर मोजक्याच मापांत काम करतात, आणि आपल्याकडील तानपुरे-सतारी करणारेही तसेच वागतात. गिऱ्हाइकाला हा हेकटपणा वाटतो. तो हेकटपणा आहे की त्यामागे काही विचार आहे, हे आज पाहावयाचे आहे.

आपल्या महाराष्ट्रात या प्रश्नाचा अभ्यास करावयाचा तर मिरजेला जावे लागते. मिरजेतील तंतुवाद्यांचा व्यवसाय सुमारे पावणेदोनशे वर्षांचा मानला जातो. त्याचा आरंभ करणारे घराणे शिकलगारांचे, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावून देणाऱ्यांचे. इंग्रजी अंमल स्थिर झाल्यावर शस्त्रांचे काम मंदावले. तेव्हा १८५०च्या सुमारास फरीदसाहेब यांनी वाद्ये दुरुस्त करण्यास व पुढे नवीन घडविण्यास प्रारंभ केला, आणि मिरजेच्या पटवर्धन संस्थानचा आश्रय या कामाला लाभला, असे सांगतात. शस्त्राची धार पारखणारा हात तारेखालची घोडी घासू लागला, आणि शिकलगारांचे सतारमेकर झाले. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचे वास्तव्य मिरजेस होते. त्यांचे निधन १९३७ साली झाले आणि त्यांची कबर तेथील ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. खाँसाहेब नुसते गायक नव्हते, वाद्याच्या दुरुस्तीतही त्यांचा हात चालत असे. गाणारा आणि घडविणारा असे शेजारी राहिल्यामुळे मिरजेचा तानपुरा नावारूपाला आला. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आपल्या भिवापुरी मिरचीलाही असे मानांकन आहे, त्यामुळे गावाचे नाव मालाला लागले म्हणजे काय होते हे येथे कोणाला समजावून सांगावयास नको. त्या नावाने दुसरे काही विकले गेले तर एका शेतकऱ्याचे नव्हे, सगळ्या गावाचे नुकसान होते.

आता आपण एक उदाहरण घेऊ. समजा, भिवापुरातील एक मुलगी गाणे शिकते आहे. तिची तयारी पाहून घरच्यांनी ठरविले की तिला स्वतःचा तानपुरा घेऊन द्यावयाचा. दोन हंगामांतून बाजूला काढलेले पैसे आहेत, आणि वाद्य घेतले तर ते जन्मभर पुरले पाहिजे. वडील मिरजेच्या एका कारागिराला सविस्तर पत्र लिहितात. मुलीचा स्वर काळी चार आहे. तानपुरा मात्र पुरुष गवयांच्या मोठ्या तानपुऱ्याएवढा हवा, कारण त्याचा आवाज भरदार असतो. भोपळा सतरा नव्हे, बरोबर साडेसतरा इंच रुंद असावा. वरची तबली पातळ ठेवावी म्हणजे नाद मोठा होईल. घोडी जुन्या वाद्यासारखी हस्तिदंताची असावी. रंग काळपट तांबूस असावा. आणि दांडीवर मुलीचे नाव कोरून मिळावे. सात मागण्या झाल्या. कारागिराकडून उत्तर येते ते असे : स्वर काळी चार, ठीक. रंग, ठीक. नाव कोरून देऊ. बाकीच्या चार गोष्टी होणार नाहीत.

वडिलांना राग येईल. पैसे आपले, वाद्य आपले, मग ‘नाही’ म्हणणारा हा कोण? त्या चार नकारांचा एकेक करून विचार केला म्हणजे या प्रश्नाचे उत्तर सापडेल.

पहिला नकार मोठ्या मापाचा. तार किती उंच स्वरात बोलणार हे तीन गोष्टींवर ठरते : तिची लांबी, तिचा ताण आणि तिचे दर लांबीमागे वजन. पुरुष गवई बहुधा काळी एकच्या आसपास गातात. काळी एक ते काळी चार हे अंतर सात अर्धस्वरांचे, म्हणजे षड्ज-पंचमाचे आहे. कंपनसंख्या जवळजवळ दीडपट होते. लांबी तीच ठेवून तार दीडपट वेगाने कंपित करावयाची तर ताण दीडपट नव्हे, दीडच्या वर्गाइतका, म्हणजे सव्वादोनपट करावा लागतो. जी तार आणि जी तबली एका ताणासाठी बेतलेली आहे, तिच्यावर सव्वादोनपट ओझे घातले तर काय होईल हे सांगावयास नको. कोणी म्हणेल, तार बारीक घाला म्हणजे ताण कमी लागेल. ते खरे आहे, आणि त्याने तबलीचे ओझे हलके होईल. पण बारीक तारेची सोसण्याची शक्तीही त्याच प्रमाणात घटते. म्हणून तार जाड असो वा बारीक, ठरलेल्या लांबीवर एका मर्यादेपलीकडे ती चढविली की तुटावयाचीच. यावर उपाय एकच, लांबी कमी करणे. दोन-तृतीयांश लांबीवर तीच तार त्याच ताणात पंचमाइतकी उंच बोलते. स्त्रियांचा तानपुरा आखूड असतो तो दिसावयास नाजूक व्हावा म्हणून नव्हे, त्यामागे हे गणित आहे. कारागिराने ‘स्वर कोणता?’ हा प्रश्न प्रथम विचारला तो याच कारणासाठी. स्वर सांगितला की माप ठरले. मागणीपत्रात स्वर आणि माप या दोन वेगळ्या ओळी दिसतात. वाद्यात मात्र ती एकच गोष्ट आहे.

दुसरा नकार भोपळ्याच्या मापाचा. तानपुऱ्याचा भोपळा सुतारकामाने होत नाही, तो शेतात वाढतो. मिरजेला येणारे भोपळे सोलापूर जिल्ह्यात, पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांत होतात. ही जात भाजीच्या भोपळ्याची नव्हे. हा कडू असतो, त्याची साल जाड असते, आणि तो पूर्ण वाळल्यावरच कामाला येतो. मग तो भिजवून, कापून, आतला गर काढून साफ करतात. कोणता भोपळा किती इंचांचा होईल हे ना शेतकऱ्याच्या हाती, ना कारागिराच्या. कारागीर ढिगातून निवड करतो, आणि भोपळा हाती आल्यावर त्याच्या घेराला साजेसा गळा, गळ्याला साजेशी दांडी आणि तोंडाच्या मापाची तबली ठरवितो. म्हणजे इंचाचे माप भोपळा कारागिराला देतो, कारागीर भोपळ्याला देत नाही. साडेसतराचा हट्ट धरणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘होईल’ म्हणणारा मनुष्य एक तर वर्षभर थांबवील, नाही तर साल कमी जाडीची असली तरी मापाचा भोपळा गळ्यात बांधील. शेतकऱ्यांच्या या सभेत हे अधिक फोड करून सांगण्याची गरज नाही. झाडावर मिरची इतक्याच लांबीची आण, असे कोणी म्हणत नाही.

तिसरा नकार पातळ तबलीचा, आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. तबली म्हणजे भोपळ्याच्या तोंडावर बसविलेली, किंचित फुगीर अशी लाकडाची चकती. बहुधा तुनीचे लाकूड त्यासाठी वापरतात. घोडी तिच्यावर उभी असते आणि चारही तारा घोडीला अहोरात्र खाली दाबीत असतात. पातळ तबली सहज थरथरते, म्हणून आवाज मोठा येतो, हे वडिलांचे म्हणणे चुकीचे नाही. दुकानात वाद्य छेडून पाहिले तर ते खुषही होतील. परंतु तीच तबली वर्षा-दोन वर्षांत घोडीखाली दबते. तबली दबली की घोडीची पातळी बदलते, जवारी जाते, आणि वाद्य मुके होते. त्यातून आपल्याकडची हवा लक्षात घ्या. मे महिन्यात नागपूरकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि लाकडातील ओलावा सुकून सांधे उकलू लागतात. जुलैत तेच लाकूड हवेतील दमटपणा पिऊन फुगते. मिरजेत बसून वाद्य घडविणाऱ्याला ते हजार किलोमीटरांहून दूर, महाराष्ट्र एक्स्प्रेसने नागपूरला आणि तेथून भिवापूरला जाऊन असे किती उन्हाळे काढणार आहे, याचा विचार करावा लागतो. गिऱ्हाईक पहिल्या दिवसाचा आवाज मागते. कारागिराला विसाव्या वर्षाच्या आवाजाची जबाबदारी घ्यावयाची असते.

येथे जवारीविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. तानपुऱ्याची घोडी वरून धारदार नसते, रुंद आणि किंचित वक्र असते. तार कंप पावताना त्या वक्र पाठीला चाटून जाते, आणि तारेखाली सरकविलेल्या सुताच्या धाग्याने तो स्पर्श नेमका साधला जातो. त्यातून जो झणकार उठतो तो तानपुऱ्याचा प्राण होय. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली आपल्या तंतुवाद्यांवर एक निबंध प्रसिद्ध केला होता. तार ज्या बिंदूवर छेडावी, त्या बिंदूवर ज्या उपस्वरांचा कंप शून्य असतो ते उपस्वर उमटू नयेत, असा पाश्चात्त्य शास्त्रातील मान्य नियम आहे. तानपुऱ्यात व वीणेत वक्र घोडीमुळे तेही उपस्वर स्पष्ट उमटतात, हे रामन यांनी दाखवून दिले. हेच रामन सरकारी हिशेब खात्यात असताना १९१०च्या सुमारास काही काळ नागपूरला नोकरीस होते, हेही येथे सांगण्याजोगे आहे. सांगावयाचा मुद्दा असा की, घोडीच्या पाठीचा तो वाक कागदाच्या जाडीइतक्या फरकाने साधतो किंवा बिघडतो. तारेची जाडी, तिची लांबी, ताण आणि स्वर यांतले काहीही बदलले की वाक पुन्हा नव्याने काढावा लागतो. कारागिराचा कान हे काम शिकतो तो एकच माप पुनःपुन्हा करून. त्याच मापाची शंभर वाद्ये केल्यावर एकशे एकाव्यात काय चुकले हे त्याला लगेच ऐकू येते. जे माप त्याने कधी केलेच नाही, त्यात चूक कोणती आणि नवेपणा कोणता हे त्यालाही सांगता येत नाही.

चौथा नकार हस्तिदंताचा. जुन्या वाद्यांवर हस्तिदंताची आणि सांबरशिंगाची कामे दिसतात. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यात पुढे झालेल्या दुरुस्त्या यांनी हा मार्ग बंद केला, आणि ते योग्यच झाले. गिटार करणाऱ्यांवरही अशीच वेळ आली. ब्राझीलमधील शिसवाचा व्यापार १९९२ साली जागतिक करारान्वये बंद झाला. २०१७ साली शिसवाच्या सर्व जातींवर निर्बंध आले, आणि तयार वाद्यांना त्यातून सूट २०१९ साली मिळाली. ज्यांनी मधल्या काळात गिऱ्हाइकांना वाटेल ते लाकूड कबूल केले होते, त्यांना परवान्यांचे कागद पुरे करता करता पुरेवाट झाली असेल. म्हणजे काही नकार कारागिराचे नसतात, कायद्याचे असतात.

आता जे मान्य झाले त्याकडे पाहा. रंग मान्य झाला, नाव कोरणे मान्य झाले. त्यांचा तारेशी, तबलीशी वा घोडीशी संबंध नाही. स्वर मान्य झाला, कारण त्या स्वराचे माप घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या होत आले आहे. म्हणजे कारागिराची यादी लहरीने केलेली नसते. ज्याने आवाज बदलत नाही ते मोकळ्या हाताने द्यावयाचे. ज्याने आवाज बदलतो, पण कसा बदलतो हे अनुभवाने ठाऊक आहे, तेही द्यावयाचे. आणि ज्याने आवाज बदलतो, पण कसा बदलेल हे कोणालाच ठाऊक नाही, त्याला नाही म्हणावयाचे. कारागीर ज्याची हमी घेऊ शकतो तेथपर्यंतच त्याची यादी जाते.

हाच न्याय परदेशातील गिटारला लागू पडतो. स्पेनमधील आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) हे आजच्या गिटारचे शिल्पकार मानले जातात. १८६२ साली त्यांनी एक विलक्षण गिटार केली. तिची वरची तबली लाकडाची, परंतु पाठ आणि कडा पुठ्ठ्याच्या. आवाज मुख्यतः तबलीतून येतो, बाकीच्या अंगांचा वाटा गौण आहे, हे त्यांना दाखवावयाचे होते. ते वाद्य आजही बार्सिलोनाच्या संग्रहालयात आहे. यातून कारागिरांना हे कळले की पाठीच्या लाकडात गिऱ्हाइकाला बरीच मोकळीक देता येईल, तबलीत देता येणार नाही. तारेच्या लांबीचेही तसेच. गिटारवर आज रूढ असलेली लांबी ६५० मिलिमीटर आहे. एखाद्याने ६४० मागितली तर दहा मिलिमीटरांचा प्रश्न आहे असे वाटते. परंतु गिटारचे पडदे दांडीत कायमचे बसविलेले असतात आणि प्रत्येक पडद्याची जागा लांबीवरून काढावी लागते. पहिला पडदा ३६·५ मिलिमीटरांवरून ३५·९ वर येतो, आणि पुढचे सगळे त्याच प्रमाणात सरकतात. मग घोडी सरकते, आणि घोडी सरकली की तबलीच्या पोटाशी चिकटविलेल्या आधारपट्ट्यांची मांडणी बदलावी लागते. मागणी एका आकड्याची असते आणि वाद्य मात्र सगळे नवे करावे लागते.

आणखी एक हिशेब करून पाहू. समजा, कारागिराने सहा बाबतींत गिऱ्हाइकाला निवड दिली आणि प्रत्येक बाबतीत चारच पर्याय ठेवले. हे फार नव्हे असे वाटेल. परंतु त्यातून होणाऱ्या निरनिराळ्या वाद्यांची संख्या ४,०९६ होते. महिन्याला दोन वाद्ये करणारा मनुष्य पन्नास वर्षे अखंड राबला तरी त्याची १,२०० वाद्ये होतात. म्हणजे आपल्याच यादीतील एक-तृतीयांश वाद्येही त्याने जन्मात एकदा केलेली नसतील. ज्याचे प्रत्येक वाद्य पहिलेच आहे, तो जन्मभर शिकाऊच राहील. व्हायोलिनचे जगन्मान्य कारागीर स्त्रादिवारी यांनी वापरलेले लाकडी साचे इटलीतील क्रेमोनाच्या संग्रहालयात जपून ठेवले आहेत. इतका मोठा कलावंत, पण तो साच्यावर काम करीत होता. साचा ठरलेला असल्यामुळे त्याचे लक्ष लाकडाच्या जाडीकडे आणि नादाकडे मोकळे राहिले.

पैशाची बाजूही विसरून चालणार नाही. घडविणारा श्रीमंत नसतो. नेहमीच्या मापाचा तानपुरा एका गिऱ्हाइकाने नाकारला तर तो दुसऱ्याला देता येतो. एका मनुष्याच्या विचित्र मागणीवरून केलेले वाद्य त्याने नाकारले तर ते भिंतीला टांगून ठेवावे लागते. अशा कामाला किती दिवस लागतील हे आधी सांगता येत नाही, म्हणून किंमत चुकते, आणि मागे रांगेत थांबलेल्या दहाजणांचे वायदे मोडतात. शिवाय दुरुस्तीचा प्रश्न आहे. वीस वर्षांनी खुंटी झिजली, तबली उकलली, तर रूढ मापाचे वाद्य कोणीही जाणकार दुरुस्त करील. आडमापाचे वाद्य घडविणाऱ्याबरोबरच अनाथ होते.

यावर कोणी विचारील, मग कारखानदार आणि कारागीर यांत फरक तो काय? अमेरिकेत हेन्री फोर्ड यांनी १९१४ ते १९२५ या काळात आपली मॉडेल टी मोटार फक्त काळ्या रंगात विकली. तीही मर्यादाच. फरक असा की, फोर्ड यांनी रंग बंद केले ते गाड्या झपाट्याने व स्वस्त निघाव्यात म्हणून. रंगाने मोटारीच्या चालण्यात काही बदलत नाही. तानपुरा करणारा नेमका उलट वागतो. तो रंग मोकळा सोडतो आणि माप बांधून ठेवतो. पहिल्याची मर्यादा उत्पादनाच्या सोयीसाठी आहे, दुसऱ्याची वाद्याच्या गुणासाठी आहे.

तरीही प्रत्येक नकार पवित्र असतो असे आम्ही म्हणणार नाही. ‘आमच्याकडे असेच मिळते’ या वाक्याच्या आड पुष्कळदा आळस लपलेला असतो. कधी घराण्याचा गर्व असतो, कधी नवे शिकण्याचा कंटाळा. डावखुऱ्या विद्यार्थ्याचे उदाहरण घ्या. सतारीच्या दांडीच्या एका अंगाला तरफेच्या तारांच्या खुंट्या असतात. डाव्या हाताने छेडणाऱ्यासाठी त्या दुसऱ्या अंगाला घ्याव्या लागतात, आणि घोडीपासून तारांचा सगळा क्रम उलटावा लागतो. हे कष्टाचे आहे, महागही पडेल, पण अशक्य नाही. तेथे सरळ ‘नाही’ म्हणण्याऐवजी ‘इतका काळ आणि इतके पैसे लागतील’ असे सांगणे हा प्रामाणिकपणा होय.

आणि मागण्या कोणी केल्याच नसत्या तर वाद्ये बदललीच नसती. विसाव्या शतकात सतारीच्या दोन वाटा झाल्या. पंडित रविशंकरांनी खर्जाच्या जाड तारा राखल्या. उस्ताद विलायत खाँ यांनी त्या काढून टाकून गाण्याच्या अंगाला जुळणारी निराळी तारयोजना केली. आज दोन्ही प्रकार रूढ आहेत आणि कारागीर ‘कोणता हवा?’ असे आपण होऊन विचारतो. परंतु हे बदल एका पत्राने झाले नाहीत. रविशंकर आणि त्यांचे सतारकार नोदू मल्लिक यांचा सहवास वर्षानुवर्षांचा होता. वादकाने वाजवावे, कारागिराने घासावे, पुन्हा वाजवावे, अशा रीतीने नवा प्रकार सिद्ध होतो आणि मग तो यादीत जातो. मिरजेतही प्रवासाला सोपी, भोपळ्याऐवजी सपाट लाकडी पेटीची छोटी तंबुरी आता होते. गायकांची अडचण खरी होती, तेव्हा तिच्यासाठी नवे माप बसविले गेले. यादी वाढते, पण एकेका ओळीने वाढते, आणि प्रत्येक ओळीमागे कोणाचे तरी अनेक फसलेले प्रयोग असतात.

एक गोष्ट मात्र आपल्या वाद्यांत फार सुंदर आहे, आणि ती गिऱ्हाइकाने समजून घ्यावी. कारागीर आपली निवड कमी करतो असे वाटते, परंतु पुष्कळशी निवड तो वाद्यातच ठेवून देतो. सतारीचे पडदे गिटारसारखे ठोकलेले नसतात, दांडीला बांधलेले असतात आणि रागाप्रमाणे सरकविता येतात. तानपुऱ्याची पहिली तार पंचमात लावावी की मध्यमात, हे गाणारा ठरवितो. घोडीखालचे मणी सरकवून स्वर बारकाईने मिळविता येतो, आणि सुताचा धागा केसभर हलवून जवारी खुली किंवा बंद करता येते. ही मोकळीक मागणीपत्रात लिहावी लागत नाही. ती रोज सकाळी, रियाजाला बसताना, फुकट मिळते. आणि ती मिळते याचे कारण, दांडी, तबली आणि घोडी यांची मूळची बैठक कारागिराने पक्की राखलेली असते.

तेव्हा आपल्या गावातून कोणी वाद्य सांगावयास गेले तर आम्ही एवढेच सुचवू. आपली अडचण सांगावी, उपाय सांगू नये. ‘मोठ्या मापाचा करा’ असे न लिहिता ‘आवाज भरदार हवा’ असे लिहावे, ‘तबली पातळ करा’ असे न लिहिता ‘लहान खोलीत रियाज आहे’ किंवा ‘देवळात, पाचपन्नास माणसांत गावे लागते’ असे लिहावे. आमचा उन्हाळा कसा असतो हेही अवश्य कळवावे. मग घडविणारा आपल्या अनुभवातील योग्य माप शोधील. त्याने नकार दिला तर कारण विचारावे. खरा जाणकार कारण सांगतो, आणि बहुधा त्याऐवजी काय होईल हेही सांगतो. जो कारण सांगत नाही त्याच्यापासून सावध राहावे. आणि जो कशालाच नाही म्हणत नाही, त्याच्यापासून अधिक सावध राहावे. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आज स्वस्तात मिळतो, मोबाइलवर तर फुकट वाजतो. अशा काळात हाताने वाद्य करणाऱ्याजवळ विकण्यासारखे मुख्यतः त्याचे नाव उरले आहे. आपल्या दोन हंगामांचे पैसे ज्या नावावर विश्वासून आपण पाठवितो, ते त्याच्या नकारांनीच राखलेले असते.

आपल्या भाषेत ‘चाकोरीबाहेरचा’ हा शब्द आज स्तुतीचा झाला आहे, आणि कित्येक ठिकाणी तो रास्तही आहे. परंतु ज्या सुताराने चाकांमधले अंतर बदलण्यास नकार दिला, त्याला बैलांची आणि वाटेची माहिती होती. त्या मुलीचे वडील रागावून दुसऱ्याकडे गेले तर त्यांना मोठ्या मापाचा, पातळ तबलीचा, साडेसतरा इंची तानपुरा कोणी ना कोणी करून देईल. ते न जावोत, एवढीच इच्छा व्यक्त करून आम्ही आपली रजा घेतो.